सातवा महिना, पितृपंधरवडा आणि आमचा फ्लॅट

१४ ऑगस्ट २०१६
इथल्या, पाया लेबार भागातल्या आमच्या फ्लॅटकडे अजून कुणी फिरकलं नाही. ऑक्टोबरात माझी पुण्याला बदली. फ्लॅट दादाच्या नि माझ्या नावावर, कर्जही दोघांचं, आणि दादा आधीच पुण्यात. भाडेकरू नाही मिळाला तर विकणं आलं.
एजंटला, जेसनला, झापलं. तो शांत. म्हणे हा चिनी सातवा महिना, पितर घरी येतात, या दिवसांत कुणी घर बदलत नाही. इतकी वर्षं इथे काढून मला पत्ता नाही!

१७ ऑगस्ट
वन-नॉर्थच्या ऑफिसातून येताना खाली एक काका कागदाचं घर जाळत होते. पितरांसाठी. खिडक्या, बाल्कनी, आत टीव्हीसुद्धा. काय निगुतीने केलेलं, आणि बघता बघता गेलं. काका हात जोडून उभे. मी चपला काढल्या. का, ठाऊक नाही.

४ सप्टें.
महिना सरला नि मिसेस लिम आल्या. रिटायर्ड शिक्षिका. सोबत त्यांची म्हातारी आई, तिला दिसत नाही. आजी भिंती चाचपत घरभर फिरली. हॉलच्या कोपऱ्यात थांबली. तिथलं देवघर मी कालच हलवलंय. हात भिंतीवर तसाच ठेवून चिनीत काही बोलली. मिसेस लिमनी सांगितलं, "शी से, हियर यू प्रे."
उदबत्तीचा वास राहिला असेल. असेलच. तरी मीही तिथे हात लावून पाहिला.
फ्लॅट भाड्याने घ्यायला पसंत. भाड्याने द्यायला बँकेची परवानगी आहेच. राहिल्या दादाच्या नि माझ्या सह्या.

१७ सप्टें.
गणपती, मग दादाचा दौरा. आज भाडेकराराचे कागद त्याच्या हाती पडले, तर म्हणतो पितृपंधरवडा लागला. बाबांना जाऊन वर्ष झालं, त्यांचं पान वाढून पक्ष संपेपर्यंत सही नाही.
"बँकेला पक्ष कळतो का रे?"
"तुला कळतो ना?"
पण मिसेस लिमच्या आताच्या भाड्याच्या जागेची मुदत त्याआधीच संपते. दुसरा फ्लॅटही बघून ठेवलाय त्यांनी.

१९ सप्टें.
मीच फोन केला त्यांना. चाचरत सांगितलं, आमच्यातही पितर जेवायला येतात, म्हणून भाऊ थांबलाय. पलीकडे आजीशी बोलणं चाललेलं. मग म्हणाल्या, "माय मदर से, कॅन वेट. युअर फादर ईट फर्स्ट."
रडले. बाबांना कधी न पाहिलेली ही आजी...

२० सप्टें.
दादाला सांगितलं. त्याने विचारलं, मधले दिवस त्या कुठे राहणार? मिसेस लिमच्या बहिणीकडे, हॉलमध्ये, म्हटलं. त्याने फोन आईकडे दिला.
आई म्हणाली, "सही राहू दे पक्षापुरती. म्हातारीला किल्ली द्यायला कोण अडवतंय?"
सहीशिवाय किल्ली दिली तर जेसन अडवेल. बँकही. मागून दादाचा आवाज नाही, हो नाही की नको नाही. मी किल्ल्या हातात घेऊन बसलेय.