कोणते पक्षी कधी, आणि तू कधी

तीर्थस्वरूप इटाताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, मायल्सचा, वेक्सफर्डहून वाकून नमस्कार (वाकलो की कंबर धरते, तेव्हा तो मनातल्या मनात केलाय असं समज). तुझा गुडघा कसा आहे? समुद्रापलीकडे, फिशगार्डच्या पावसात तो जास्त ठणकतो असं लिहिलंस. आपल्याकडेही तोच पाऊस पडतो, पण इथे निदान ‘दुखतोय’ म्हणून सांगायला घरात माणूस आहे. मी ठणठणीत. कुत्री आता पार बहिरी झाली, त्यामुळे माझं बोलणं ती पूर्वीपेक्षा लक्ष देऊन ऐकते असं वाटतं.

नाताळच्या कार्डावर तू विचारलं होतंस, की आपल्या काउंटीत हल्ली कोणते पक्षी कधी दिसतात ते कळव, म्हणजे बघायला येईन. आता सप्टेंबर उजाडला. उशीर झाला खरा, पण ऐकीव माहिती तुला पाठवायची नव्हती. एमरिस भावोजी गेल्यापासून तू ‘येते, येते’ म्हणतेस आणि मी ‘ये, ये’ म्हणतो, यातच तीन नाताळ गेले. या खेपेला तू पहिल्यांदाच अट घातलीस, आणि मला इतका आनंद झाला की विचारू नकोस, कारण अट पुरी करता येते. अडचण एवढीच, की लहानपणी तू मला कान धरून खाजणाच्या बांधावर रानहंस दाखवायला न्यायचीस तेव्हा मी तुझ्याकडे पाठ करून तुझ्या वाटणीचा पाव खात असे. हंस आणि बदक यांतला फरक मला आजवर फक्त ताटात कळत आला आहे.

तरी जानेवारीत गेलो. खाजणावर आता पक्षी बघायला लाकडी खोली बांधली आहे, भिंतीला आडव्या फटी ठेवल्यात. आत एक गृहस्थ दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. आता एका बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला ‘तुम्ही कुणापैकी?’ असं विचारलं नाही, तर आपल्याकडे तो उर्मटपणा ठरतो. म्हणून मी विचारलं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मला वाटलं, दाढ दुखत असेल, ऐकू नीट आलं नसेल, म्हणून जरा मोठ्याने विचारलं. शेवटी बरंच खोदल्यावर निघाले ते डेव्हरूंपैकी. यांचे मामा आपल्या बाबांबरोबर हर्लिंग खेळलेले! आनंदाच्या भरात मी बाकावर थाप मारली आणि समोरच्या शेतातले झाडून सगळे हंस उठले. आभाळ भरून गेलं, ताई. तो आवाज ऐकल्यावर मला तू आठवलीस, डोक्यावर बाबांची टोपी घालून तोंड उघडं टाकून वर बघणारी. डेव्हरू म्हणाले, “गेले.” मी म्हटलं, “येतील हो, तोवर चहा घ्या.” तेव्हापासून ते माझे गुरू आहेत (माझ्या पावाला लोणी जास्त असतं, हेही कारण असेल).

फेब्रुवारीतला प्रकार मात्र तू कुणाला सांगू नकोस. एका सकाळी हंसांच्या घोळक्यात मला एक पांढराशुभ्र हंस दिसला. डेव्हरूंच्या पुस्तकात हुबेहूब तसा होता, बर्फातला, आपल्याकडे वाट चुकून एखादाच येणारा. मी लगेच त्यांना फोन केला. ते डब्लिनला लेकीकडे होते, पण शिष्यावर विश्वास टाकून त्यांनी सगळीकडे बातमी पोचवली. दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीपासून चर्चपर्यंत मोटारीच मोटारी. शेजारची पेग कॉड काळा कोट घालून, सँडविचची परात घेऊन बाहेर आली आणि हळूच मला विचारते, “मायल्स, अरे गेलं कोण?” मी तिला दुर्बीण दिली. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, “मेल्या, हा तर आमचा फिंटन. परवापासून शोधतेय.” मग तिने बादली वाजवली, आणि तो दुर्मिळ पक्षी डुलत डुलत सगळ्या दुर्बिणींमधून वाट काढत तिच्या मागे घरी गेला. लोक फार सभ्य निघाले. सँडविच संपवूनच गेले.

त्यांतला एक जण तुमच्या फिशगार्डहून रात्रीच्या बोटीने आला होता. बोटीला गर्दी होती का, असं मी त्याला सहज विचारलं. “छे हो, रिकामी होती,” म्हणाला, “पाय पसरून झोपून आलो.” स्पष्टच सांगतो, ताई. त्या सकाळी मी प्रत्येक मोटारीत वाकून वाकून बघत होतो. एवढी बातमी पसरली, तर समुद्रापलीकडेही पोचली असेल, असं मला वाटत होतं. फिंटनपायी माझं हसं झालं त्याचं मला काही नाही. पण त्या बोटीवर जागा होती हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ग्रीनलंडहून येणाऱ्या या हंसांना जमतं, आणि तू तर समोरच्या किनाऱ्यावर राहतेस.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पांढऱ्या कपाळाचे रानहंस ऑक्टोबरात येतात, एप्रिलात जातात. ते जायच्या सुमाराला आपल्या गोठ्यात पाकोळ्या येतात (गाई नाहीत, पण त्यांना कुणी कळवलेलं नाही). मेपासून लेडीज आयलंडच्या तळ्यावर सुरय पक्षी, इतके भांडकुदळ की तुला माहेरची आठवण येईल. पफिन सॉल्टी बेटावर जुलैअखेरपर्यंत. मी ऑगस्टात गेलो. नाववाला स्टॅफर्ड रिकाम्या कड्यापाशी नाव थांबवून म्हणतो, “पक्षी बघायचे होते होय? मला वाटलं, बेट बघायचंय.” येताना बोट लागून मी नावेच्या कडेवरून पाण्यात जे काही दिलं, त्यावर मात्र भरपूर पक्षी जमले.

बाकी सर्व क्षेम. पेग तुला विचारते. फिंटनही बरा आहे, पण आता कुणी बघायला आलं नाही तर रुसतो.

तुझा,
मायल्स

ता. क. पुढच्या महिन्यात हंस येतील, त्यांच्याबरोबरच ये. परतीची घाई करू नकोस, ते एप्रिलपर्यंत असतात; जायचं तर त्यांच्याबरोबर जा. तुझी जुनी खोली रंगवून घेतली आहे. रंग डेव्हरूंनी निवडलाय, मला बोल लावू नकोस. पलंगही खिडकीशी सरकवला, म्हणजे गुडघा दुखत असला तरी पडल्या पडल्या खाजण दिसेल.

ता. क. दुसरा. एप्रिलात निघणं मात्र बरं दिसणार नाही, पाकोळ्या नुकत्याच आलेल्या असतात. मग सुरय, मग पफिन. परवा पाकोळ्या जाण्यासाठी तारेवर जमल्या तेव्हा वाटलं, आता तरी तू मोकळी होशील, पण लगेच ऑक्टोबर येणार आणि हंस परत. मी बारा महिने लावून बघितले, डेव्हरूंनाही विचारलं. ताई, या काउंटीतून निघण्यासारखा महिना मला सापडला नाही.