मयत बाईचं लायसन्स

३ नोव्हें. २००३
पास. तिसऱ्या खेपेला का होईना. इन्स्पेक्टर नुसता "खलास" म्हणाला, मला वाटलं पुन्हा नापास. अरबीत खलास म्हणजे झालं, संपलं. फोटोत चोरासारखी दिसते, चालेल. इथे दुबईत ट्रॅफिक ऑफिससमोरच्या टायपिंग सेंटरात बसून जगाचे लायसन्सचे फॉर्म टाइप करते, आज स्वतःचा केला.
दुपारी नागपूरचे एक गृहस्थ आले, बरीच वर्षं अमेरिकेत काढलेले. म्हणाले, तिकडे लायसन्सच्या काउंटरवरच विचारतात, मतदार यादीत नाव घालू का? हो म्हटलं की कॉम्प्युटरनेच जातं. माझा हात थांबला. इथलं सोडा, हा देश आपला नाही. पण गावच्या यादीत तर माझं नाव आहे. इलेक्शनला रजा काढून जायचं. ठरलं.

७ नोव्हें., शुक्र.
गावी फोन. दिरांना म्हटलं, यादी बघून ठेवा. हे हसले. एका मतासाठी विमानाचं तिकीट?
हो. एका मतासाठी.

१९ नोव्हें.
दिरांचा फोन. चाचरत होते. यादीत माझ्या नावापुढे शेरा: मयत.
यादीवाला घरी आला होता. सासूबाईंनी सांगितलं, मुलगा दुबईला असतो. आणि सून? "ती पण गेली की, सहा वर्षं झाली." त्या पठ्ठ्याने ह्यांना स्थलांतरित लिहिलं आणि मला मारून टाकलं.
लेक म्हणते, "मम्मा, यू आर ऑफिशियली डेड." आधी हसू आलं, मग रडू. सासूबाई फोनवर रडवेल्या. म्हटलं, आयुष्य वाढलं माझं.

२२ नोव्हें.
अर्ज टाइप केला. सोबत लायसन्सची झेरॉक्स. शेवटची ओळ: मेलेली बाई रिव्हर्स पार्किंग करत नाही. हे म्हणाले, ती ओळ काढ. नाही काढली.

१४ फेब्रु. २००४
कचेरीचं उत्तर. मी हयात असल्याचं मान्य. पण वास्तव्य परदेशात, सबब नाव घेता येत नाही. म्हणजे मेले तरी नाव नाही, जगले तरी नाही. कायदाच तसा आहे म्हणे. असेल. मला विचारून केला होता का?
दिवसभर लोकांचे फॉर्म. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात सगळे गावच सांगतात. इथला, दुबईतला करामा कुणीच सांगत नाही.

२१ मार्च
तिकीट काढलं. मॅनेजरने विचारलं, रजा कशाला, घरात कुणी वारलं का? म्हटलं, हो, मीच.
हे चिडले. नाव नाही, मत नाही, मग जातेस कशाला? म्हटलं, कचेरीत उभी राहायला. फॉर्म भरणार, खोटं लिहिणार नाही. राहते दुबईत, घर गावी, दोन्ही लिहिणार. नाही म्हणायचं तर साहेबाने माझ्या तोंडावर म्हणावं.

२८ मार्च
बॅग दारात. सासूबाईंचा फोन. यादीवाला पुन्हा येणार आहे, त्या धास्तावल्यात. "आता तूच सांग बाई, काय बोलू?"
म्हटलं, "गेली म्हणू नका. घरातून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तुम्हीच शिकवलंत ना? तेच सांगा."
त्या पाठ करायला लागल्या. सून येते. सून येते.
ह्यांनी बॅग उचलली. किल्ली मी घेतली. एअरपोर्टपर्यंत गाडी मी चालवणार.