थांबवलेला दोर

आबा, तुम्ही थांबवलेल्या त्या दोराबद्दल आपण एकदाच बोललो, आणि तेही भांडून. त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होतात. मी सुट्टीला आले की तुम्ही स्टँडवर घ्यायला यायचात, वाटेत ऊस, विहिरीचं पाणी, शेजाऱ्यांच्या पोरांची लग्नं असं सगळं बोलून व्हायचं, पण तो विषय ना मी काढला ना तुम्ही. आता तुम्हाला जाऊनही खूप काळ लोटला. मी स्वतः निवृत्त झाले आहे, गुडघे कुरकुरतात, आणि हॉलंडमधल्या उइटहॉर्नच्या या घरात खिडकीशी बसून लिहिते आहे. इथे समोर सगळा सपाट प्रदेश. सायकलीच्या पुलाला जो उतार असतो त्यालाच हे लोक चढ म्हणतात. गेल्या महिन्यात डेल्फ्टच्या एका प्रयोगशाळेत मी जे पाहिलं ते सांगण्यासारखं दुसरं माणूस मला सापडत नाही, म्हणून तुम्हालाच.

तुमचं काम मला लहानपणी नीट कळलं नव्हतं. वर्गातल्या मुलींचे वडील फौजेत बंदूक चालवायचे आणि माझे वडील दोर चालवायचे, एवढंच. तुम्ही इंजिनिअर पलटणीत सुभेदार, रोपवेच्या तुकडीचे प्रमुख. खाली रस्ता संपतो तिथे एक ठाणं, वर कड्यावर चौकी, आणि मधल्या दरीवरून तारेचा दोर. वर जाताना रॉकेल, पीठ, डाळ, दारूगोळा, घरची पत्रं; खाली येताना रिकामे डबे. ट्रॉलीत माणसांनी बसू नये अशी पाटी होती, आणि तरी वरचा आजारी जवान खाली यायचा तो त्यातूनच. तुमच्या तुकडीत दोन गोष्टी कुठे लिहिलेल्या नव्हत्या पण पाळल्या जायच्या. दोराचा निर्णय ज्याचा हात दोरावरून फिरला त्याचा, तिथे हुद्दा चालत नाही. आणि जो दोर चांगला म्हणेल त्याने पहिल्या ट्रॉलीत स्वतः बसायचं. तपासणी चिंधीने. सुट्टी संपवून निघताना तुम्ही आईच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे बॅगेत भरायचात. चिंधी दोराभोवती मुठीत धरायची आणि दोर हळूहळू सरकू द्यायचा. एखादी तार तुटलेली असली की ती धागा ओढते, आणि डोळ्याला दिसायच्या आधी ते मुठीला कळतं. आई म्हणायची, माझी लुगडी हिमालय बघून आली, मी मात्र सातारा स्टँडच्या पुढे गेले नाही.

त्या हिवाळ्यात चिंधीला तार लागली नाही. लागली ती लाल भुकटी, दोराच्या पेडांच्या फटींतून आलेली. बाहेरून धड दिसणारा दोर आतून गंजत चालला असला की अशी भुकटी येते. तुम्ही दोर थांबवलात, नवा मागवलात, आणि तोवर सामान माणसांच्या पाठीवरून चढवायला सुरुवात केलीत. थोड्याच दिवसांत वरच्या चौकीतल्या एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरलं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना. वरच्या साहेबांनी फोनवर ट्रॉली मागितली. आधी हुकूम दिला, मग विनंती केली. तुम्ही दोन्ही वेळा नाही म्हणालात. त्या जवानाला स्ट्रेचरवरून कड्याच्या वाटेने उतरवलं आणि तो वाटेतच गेला. चौकशी झाली, तुमच्यावर ठपका आला नाही. नवा दोर आला. जुना कापून कुणी तंबूला ताण दिला, कुणी पायवाटेला कठडा केला. तो खरंच किती खराब होता हे कोणी तपासून पाहिलं नाही. हे सगळं मला आईकडून कळलं, तुकड्यातुकड्याने, भाजी निवडताना.

तुम्ही पेन्शनीत आलात आणि मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. त्या जवानाचा थोरला भाऊ चिपळूणकडून एसटीने आपल्याकडे आला. मी स्वयंपाकघरात चहा गाळते आहे, मधलं दार उघडं आहे. त्याने पिशवीतून फणसपोळी काढून आईच्या हातात दिली आहे आणि बराच वेळ तो भाताच्या लावणीचं बोलतो आहे. तुम्ही हं हं करता आहात. मग तो मधेच थांबतो.

"सुभेदारसाहेब, दोर खरंच खराब होता का?"

"मला माहीत नाही," तुम्ही म्हणता.

"मग तुम्ही स्वतः बसून बघायचं होतं."

"बसलो असतो. कदाचित वर पोचलोही असतो. एकदा पोचलो म्हणून दोर चांगला, असं होत नाही."

तो माणूस बशीतला चहा संपवतो. आईला नमस्कार करतो, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उठतो. तुम्ही त्याला स्टँडपर्यंत सोडायला जाता. वाटेत तुम्ही काय बोललात ते मला कधीच कळलं नाही.

तुम्ही परत आलात आणि मी तुमच्यावर तुटून पडले. लाल भुकटी म्हणजे आतला गंज, आमच्या पुस्तकात स्पष्ट दिलंय, मग खराब होता म्हणायला काय झालं होतं, तेवढंच ऐकायला तो एवढ्या लांबून आला होता, असं बरंच काही. तुम्ही चपला काढून कोपऱ्यात ठेवल्यात आणि म्हणालात, "पुस्तकात दोरांबद्दल दिलंय. त्या दोराबद्दल नाही." मी म्हटलं, हा नुसता हेका आहे, एका शब्दाने त्या माणसाचं दुःख हलकं झालं असतं. तेव्हा तुमचा आवाज चढला. आयुष्यात दोन-तीनदाच चढला असेल. "तो शब्द माझ्याकडे नाही. नसलेलं मी देत नाही, आणि तू मला शिकवू नकोस." आई म्हणाली, पुरे आता, दोघंही एकाच मापाचे. ती फणसपोळी घरात कोणी खाल्ली नाही. आईने ती शेजारी देऊन टाकली.

त्या दिवसापासून माझ्यापुरता तो दोर खराब ठरला. तुम्ही म्हणत नव्हता तर मी म्हणणार होते. कॉलेजात, सासरी, इथल्या ऑफिसात, जिथे तुमचा विषय निघाला तिथे मी सांगत आले की माझ्या वडिलांनी आतून सडलेला दोर वेळेत थांबवला. ऐकणाऱ्यांना गोष्ट आवडायची. मलाही.

इथे मी आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, डिग्री बॅगेच्या तळाशी. डच शिकले आणि रॉटरडॅमच्या बंदरात क्रेनचे दोर तपासायच्या कामाला लागले. साडीची चिंधी काढली तेव्हा तिथले पुरुष हसले, मग त्यांनीही आपापल्या घरून जुने बनियन आणले. पुढे चुंबकाची यंत्रं आली, दोराच्या आतलं दाखवणारी, तीही शिकले. मी क्रेन थांबवली की जहाज खोळंबायचं आणि माझ्या नावाने दोन-तीन भाषांत शिव्या जायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. प्रत्येक वेळी नंतर दोर बदलला जायचा, जुना भंगारात जायचा, आणि मी पुढच्या क्रेनकडे वळायचे. जुना दोर उकलून बघावा असं मलाही कधी सुचलं नाही.

मागच्या वर्षी दक्षिणेकडून, लिंबुर्गमधून एका हौशी मंडळाचा फोन आला. जुन्या युद्धांतलं सामान गोळा करून चालू करणारी म्हातारी माणसं. त्यांनी आल्प्समधून फौजी रोपवेची एक ट्रॉली आणली होती. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आणि ऑस्ट्रियाच्या फौजा त्या डोंगरांत, बर्फाच्या शिखरांवर समोरासमोर बसल्या होत्या. खेचरं जिथे थांबत तिथून पुढे दोघांनीही दोर टाकले. तोफांचे सुटे भाग, गोळे, सरपण, पाव वर जायचे आणि जखमी खाली यायचे. तारेचा दोर तोडून नेता येत नाही, म्हणून माणसांची लांबच लांब रांग अख्खा दोर खांद्यांवर घेऊन डोंगर चढायची, आणि एक घसरला की पुढचे-मागचे सगळे ओढले जायचे. हे वाचताना मला तुमचा उजवा खांदा आठवला, त्यावरचा तो काळा वळ. आंघोळीनंतर आई त्याला तेल लावायची. युद्ध संपल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी तेच रोपवे डोंगरावरचं गवत उतरवायला वापरले. ही ट्रॉली अशाच एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडली होती, दोर गुंडाळायचा ड्रम आणि नंतर कधीतरी बदललेल्या पण जुन्याच दोरासकट.

ती दुरुस्त करणारा माणूस सुतार होता. उंच, वाकलेला, सत्तरीच्या पुढचा, आणि त्याला पोटाचा कॅन्सर झालेला. चुनखडीच्या एका बंद खाणीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, त्याने सगळं उभारलं होतं. त्याला त्यात बसून पलीकडे जायचं होतं आणि त्यासाठी खाणीच्या मालकाला माझी सही हवी होती. मी चिंधी फिरवली. एकही धागा ओढला गेला नाही. फक्त ड्रमजवळच्या भागात चिंधी लाल झाली. चुंबकाचं यंत्र मिळायला आठवडे लागणार होते, नवा दोर यायला त्याहून जास्त, आणि तेवढे त्याच्याकडे नव्हते.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मेव्राव," इथे बाईमाणसाला असंच म्हणतात, "मी तसाही मरतोच आहे. दोर तुटला तर डॉक्टरचे कष्ट वाचतील." सगळे हसले. मी हसले नाही. ट्रॉली रिकामी चालवा, खाली कोणी उभं राहू नका, तुम्ही खुर्चीत बसून बघा, असं मी सुचवलं. रिकामी ट्रॉली कित्येक वर्षं माझ्या अंगणातच होती, ती बघायला मला दोर लागत नाही, असं तो म्हणाला. मग माझ्याकडे वाकून त्याने पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू, नुसतं "कृपा करून" एवढंच. मी नाहीच म्हटलं. मंडळातल्या कोणीतरी माझा कोट आणून दिला. कॉफी कोणी विचारली नाही. या देशात यापेक्षा मोठा अपमान नसतो, आबा.

वसंत ऋतू संपायच्या आत तो सुतार गेला. पुढे नवा दोर आला तेव्हा जुन्याचा एक लांब तुकडा मी मागून घेतला, ड्रमजवळचाच, आणि गाडीत घालून डेल्फ्टला नेला. तिथे एक नाशिकची मुलगी पीएचडी करते, दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख झालेली. तिच्याकडे दोर ओढून तोडायचं यंत्र आहे. ती म्हणाली, काकू, निर्णय तर कधीच झाला, आता कशाला एवढी धडपड. मी म्हटलं, तू दोर लाव. अर्धा तुकडा तिने यंत्राच्या जबड्यांत बसवला, जाळीचं दार लावलं आणि ताण द्यायला सुरुवात केली. ट्रॉली आणि तो सुतार यांचं मिळून जेवढं ओझं झालं असतं ते केव्हाच मागे पडलं. "काकू, अजून वाढवू?" ती दर थोड्या वेळाने विचारायची, आणि मी वाढव म्हणायचे. तुटला तेव्हा ताण नवा दोर जिथे तुटतो त्याच्या जवळपास पोचला होता. मग उरलेला अर्धा तुकडा आम्ही पेड सोडून उकलला. आतल्या तारा चकचकीत. मधला तागाचा गाभा तेलाने अजून ओलसर. लाल भुकटी आतून आलेलीच नव्हती. जुन्या ड्रमचा गंज वरच्या ग्रीजमध्ये चेपला गेला होता. मुलगी म्हणाली, "मस्त होता हो दोर," आणि माझ्याकडे बघून तारांचे तुकडे गोळा करायला लागली.

त्या आठवड्यात मी आगगाड्या बदलत बदलत लिंबुर्गला सुताराच्या बायकोकडे गेले. तिने दारातच विचारलं, काय काम आहे. मी आत बसून सगळं सांगितलं: दोर चांगला होता, तो पलीकडे पोचला असता. तिने कॉफी केली. मग म्हणाली, "तो तुमच्यावर शेवटपर्यंत चिडलेला होता." तिने माझ्यापुढे कप ठेवला. "आणि म्हणायचा, त्या बाईच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती. दोन्ही खरं आहे. साखर घेता?"

मी घेतली. उद्या तसाच दोर समोर आला तर काय कराल, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही म्हणेन. तिने मान हलवली आणि मला त्याच्या हातची एक खुर्ची दाखवली, जिचा एक पाय त्याला कधीच नीट जमला नव्हता.

परतताना गाडीत मला तुमचा तो चिपळूणचा पाहुणा आठवत होता. दोर चांगला म्हणणाऱ्याला ट्रॉलीत बसून दाखवता येतं. थांबवणाऱ्याजवळ दाखवायला काही राहत नाही. तुम्ही तसेच राहिलात, आणि मी त्यावर माझ्या सोयीचं उत्तर चिकटवून गावभर फिरले. आता कोणी विचारलं तर तुमचंच उत्तर देईन. तुमचा दोर माझ्या दोरासारखा चांगला निघाला असता की नसता, मला माहीत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं हे शेवटचं लिहून मी ते पाठवलं नसतं. ती मुलगी वाढवू का विचारत होती आणि मी वाढव म्हणत होते, ते तो दोर लवकर तुटावा म्हणून. तो आतून सडलेला निघावा अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होते, आणि त्या वेळी त्या सुताराचा विचारही माझ्या मनात नव्हता, माझ्या सहीचाही नव्हता. फक्त तुमचा होता.