ऑरिनची अकरा कार्डं

सोमवार, ५ ऑक्टोबर १९८७
लायल आज पुन्हा आला. हातात सुपाचं पातेलं, आणि बसतो न बसतो तोच अल्बमची चौकशी! ऑरिनला झटका येऊन तीन आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि याला कार्डांची पडलीय. म्हणे, अल्बम कुणाला दाखवू नकोस, किंमत तर आत्ता मुळीच करू नकोस. का नको? ते सांगेना. माझ्या नवऱ्याचा चाळीस वर्षांचा दोस्त, पण आज माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

मला किंमत करायचीच आहे. ऑरिनला त्या शुश्रूषागृहात टाकणार नाही मी. घरी नर्स ठेवायची तर ती अकरा कार्डं विकणं भाग आहे — १९०९-१० सालची, तंबाखूच्या पाकिटातून निघालेली. दोन बोटं रुंद, त्यावर एकेक बेसबॉलपटू. ऑरिनच्या वडिलांनी खाणीतल्या कामगारांकडून मागून मागून जमवलेली.

गुरुवार, ८
भिंगाखाली बघायला शिकले. कोपरे झिजलेले, पाठीवर पिवळट डाग. सगळं ठीक दिसतं. ऑरिन कार्ड नाकाशी नेऊन हसायचा. काकवी आणि जुनं कपाट, म्हणायचा. मला कसलाच वास आला नाही. सर्दी असेल.

सोमवार, १२
कार्डं जमवणाऱ्यांच्या क्लबचा सचिव वेस. त्याच्याकडून जांभळा दिवा मागून आणला. त्या उजेडात नवा कागद चमकतो, जुना चमकत नाही, असं तो म्हणाला. पडदे ओढले. पहिलं कार्ड धरलं — चमकलं! दुसरंही. अकराच्या अकरा, नव्या टॉवेलसारखी पांढरीशुभ्र.

नकला. सगळ्या नकला.

त्या अल्बमला हात लावणारी माणसं तीनच. ऑरिन, मी आणि लायल.

मंगळवार, १३
ऑरिनला विचारलं, लायलने नेली का? चेहरा लालबुंद झाला. डाव्या हाताने पलंगाची कड बडवायला लागला. "ला! ला!" — तेवढंच येतं त्याला. मग रडला. आणखी काय पुरावा हवा?

बुधवार, १४
वेस म्हणतो, आधी लायलशी एकटीने बोल. मला नाही जमत असं. मनात आलं की बोलून मोकळी होते मी. ही वह्यांची सवयसुद्धा ऑरिननेच लावली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. "आधी इथे बोल, मग गावात." मी दोन्हीकडे बोलते.

गुरुवार, १५
बोलले. चर्चच्या तळघरात, अख्ख्या क्लबसमोर. चौदा माणसं, कॉफी, भोपळ्याची गोड पाई. लायलच्या हातात बशी होती, ती त्याने हळूच खाली ठेवली.

"मॅक्सिन, ऑरिनला बोलता येईपर्यंत थांब."

"त्याला आता बोलता येणार नाही, हे ठाऊक आहे म्हणूनच ना?"

लायलने टोपी उचलली आणि गेला. बशीतली पाई तशीच राहिली.

सोमवार, १९
लायलच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेवर कुणीतरी 'चोर' लिहिलंय. गिऱ्हाईक फिरकत नाही. दूध आणायला गेले तर दोघीतिघींनी माझा हात धरला — बरं झालं, वेळीच ओळखलंस. खरं लिहिते. मला छान वाटलं.

शुक्रवार, २३
भरदुपारी लायलचा ट्रक आमच्या घरासमोर. इंजिन चालू, हा आत बसून. मांडीवर काहीतरी धरलं होतं. अर्धा तास! ऑरिनने खिडकीतून पाहिलं आणि पलंग बडवायला सुरुवात केली. मी पडदा ओढला, कडी घातली, शेरिफला फोन केला. त्यांनी त्याला हाकललं. पुन्हा या गल्लीत दिसू नकोस म्हणाले.

ऑरिन दिवसभर जेवला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहतो. कधीकधी भीती वाटते त्या बघण्याची.

बुधवार, २८
लायल गेला. दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय, म्हणतात. दोन दिवस कुणाला कळलंही नाही. दुकानात जातंय कोण?

ऑरिनला अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, २ नोव्हेंबर
लायलची बहीण बर्नीस आली होती. आत आली नाही. पायरीवर बिस्किटांचा डबा ठेवला, म्हणाली, "त्या दिवशी हाच द्यायला आला होता तो." आणि वळली.

मेणकागदात अकरा कार्डं. झाकण उघडताच काकवीचा वास! दिवा लावूनही पाहिला. एकही चमकलं नाही.

वर चिठ्ठी. ऑरिनचं अक्षर, मे महिन्यातली तारीख.

"लायल, पेपरात माझा अल्बमसकट फोटो आल्यापासून चोरीच्या धास्तीने झोप नाही. खरी तुझ्याकडे ठेव. अल्बमात नकला घातल्यात, चहाच्या पाण्याने जुन्या करून. मॅक्सिनला सांगायचं नाही, शपथ आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मंगळवार, ३
वेसचा फोन. लायलच्या सामानात कार्डांचा काही पत्ता लागला का, विचारत होता. नाही म्हटलं. ऑरिन पलंग बडवत होता. त्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं.