डाव्या बाजूची पट्टी

बाबा, तुमच्या मुलीचं यंत्र आज पास झालं. फुशारकी मारतेय असं वाटलं तर वाटू दे, मारतेच आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बरं झालं, आता जेवून घे." संपलं तुमचं कौतुक. पण तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

यंत्र म्हणजे हातात मावणारा कॉम्प्युटर. तुम्ही इथे कुवेतच्या रिफायनरीत पाइपांवरचे मीटर तपासत फिरायचात, तेव्हा आकडे भरायला विटेएवढं काळं खोकं असायचं ना तुमच्याकडे? त्याचाच हा नातू समजा. फरक एवढाच की हा सुटा होतो. कुणाला बारकोड वाचायचाय, त्याने वर बारकोडचा तुकडा बसवावा. कुणाला कॅमेरा हवा, त्याने कॅमेरा. नजर अधू असेल त्याने मोठ्या बटणांची पट्टी घ्यावी. ज्याने त्याने आपापल्या हाताला सोसेल तसं जुळवायचं. कंपनी लहानशी आहे, मालक कुवेती, माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. डिझाइन मात्र पहिल्या स्क्रूपासून माझं.

तुम्हाला ती ईद आठवते का? मी आठेक वर्षांची असेन. तुम्ही मला तुमच्या कुवेती साहेबांकडे घेऊन गेला होतात. बैठकीत सगळे गाद्यांवर बसलेले, साहेबांचे म्हातारे वडील खजुरांचं ताट माझ्यापुढे धरतात, आणि मी डावा हात पुढे करते. फटकन तुमची चापट बसते. सगळ्यांदेखत. आजोबा बिचारे "मालेश, मालेश", म्हणजे असू दे, असू दे, म्हणत हसले, खजूर माझ्या उजव्या हातात ठेवला. गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "डावा हात लोकांत दिसता कामा नये. ना इथे, ना नाशिकला." सलवातलं आपलं घर येईपर्यंत मी रडत होते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि खरं सांगते, मला तुमचा भयंकर राग आला होता.

मग शुक्रवार आला. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर पेपर पसरता आणि पिशवीतून ते काळं खोकं काढता. बंद पडलेलं, भंगारात काढलेलं. भंगार घरी आणायलाही साहेबांची सही घेऊन गेटपास काढणारे तुम्ही! मग आईचं इडलीपात्र मागता. "अहो, त्यात स्क्रू नका टाकू, उद्या इडल्या करायच्यात," आई ओरडते. तुम्ही ऐकत नाही. एकेका खळग्यात एकेका थराचे स्क्रू, काढलेल्या क्रमाने. आणि मग मी बघतच राहते, कारण स्क्रूड्रायव्हर तुमच्या डाव्या हातात असतो.

"बाबा, तुम्ही पण?"

"पण काय गं? आधी मी, मग तू."

"दोन दोन डावरे आलेत माझ्या नशिबी," आई म्हणाली, आणि तिने दार लोटून घेतलं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर माझ्या पुढे केलात. "धर डाव्यात. इथे कोण बघतंय!"

त्या दिवशी तुम्ही मला ते खोकं कसं धरता तेही दाखवलंत. बटणं सगळी उजव्या अंगाला. डाव्या हाताला ती दाबायची तर खोकं उलटं धरायचं, मनगट मुरडायचं, आकडे उलटे वाचायचे. तुम्हाला उलटे आकडे सरळ आकड्यांइतकेच पटापट वाचता यायचे, आणि मला वाटायचं ही काहीतरी जादू आहे. रोज संध्याकाळी तुम्ही मनगटाला मलम चोळायचात. आईने विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही, वय झालं." चाळिशी नव्हती हो गाठली तुम्ही तेव्हा!

आता माझा गाढवपणा ऐका. या यंत्राचा पहिला नमुना मी काढला आणि बटणं कुठे लावली? उजव्या अंगाला, पक्की. मी, तुमची लेक! चारचौघांत डावा हात लपवायची इतकी सवय झाली होती की कागदावरही तो लपवला. नमुना चार दिवस हातात घेऊन फिरले. चौथ्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मनगटाला मलम चोळत उभी होते आणि तुमची आठवण आली. आधी हसले, मग ओट्याला टेकून रडले. दुसऱ्या दिवशी त्या नमुन्याचं चित्र फाडून टाकलं.

नवी पट्टी सुटी केली. तिच्यात वीज नाही, तार नाही. नुसती बटणं, आणि प्रत्येक बटणाच्या पोटात बारीकसा लोहचुंबक. बटण दाबलं की सीलबंद खोक्याला आतूनच कळतं. म्हणजे प्लांटवर, गॅसजवळ, हातमोजे घालूनसुद्धा पट्टी या अंगाची त्या अंगाला लावता येते, ठिणगीची भीती नाही. तुम्हाला हे आवडलं असतं. तोंडाने म्हणाला नसता, पण तीनदा काढून लावून पाहिलं असतंत.

मालक म्हणाला, "डावखुरे असतात किती? पट्टी पक्की करा, खोकं बारीक होईल." मी म्हटलं, नाही. सेफ्टीवाला म्हणाला, सुटी वस्तू हरवते. म्हटलं, हरवू दे, पट्टीच हरवेल, मनगट तर राहील. तुमच्यासारखी गप्प बसणारी नाही मी. शेवटी ठरलं की एका प्लांटवर एक सकाळ चाचणी घ्यायची. पट्टीला कुणी हातही लावला नाही, तर ती पक्की करायची.

ती सकाळ आजची. सात तंत्रज्ञ यंत्र घेऊन फिरतायत, पट्टीकडे कुणी बघतही नाही. तासभर गेला. मालक घड्याळ बघतोय. मग रत्नागिरीकडचे एक चाचा थांबले, पन्नाशी उलटलेले. आधी इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मग पट्टी खट्‌कन काढली, डाव्या अंगाला लावली, आणि चालू लागले. मनगट सरळ होतं, बाबा. एकदम सरळ. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, अशी लावली तर चालेल ना?"

"तिथेच लावायची आहे ती, चाचा," मी म्हटलं.

मालकानेही पाहिलं होतं. दुपारी मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, पट्टी सुटीच राहील. मग मला विचारलं, "हे तुला सुचलं कुठून?" मी ताठ मानेने म्हटलं, "फील्ड स्टडी केली होती." तो खूश झाला. म्हणाला, उद्या रिपोर्ट पाठव.

तो रिपोर्ट लिहायला बसले आणि हे लिहून झालं. हे त्याला पाठवता येत नाही आणि तुम्हालाही नाही. स्टडी वगैरे काही नव्हती, बाबा. एकच माणूस पाहिला होता मी, जन्मभर. मीटिंगमध्ये तुमचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर तिथेच सगळ्यांदेखत रडू फुटलं असतं.