मुकाशमामाच्या कॅमेऱ्याची खाच

बिश्केक, ३ ऑगस्ट २०१६

प्रिय मुकाशमामा,
सलाम वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्र.

आईच्या लग्नातल्या पाठवणीचं तुम्ही काढलेलं रीळ स्कॅन करतेय. आईचं हलतंचालतं रूप एवढंच उरलंय आणि सप्टेंबरात तिला जाऊन वर्ष होईल, त्या जेवणाला, आशला, ते सगळ्या गोतावळ्याला दाखवायचंय. पण पट्टी आकसलीय, कडेची भोकं फाटलीत. मशीन भोकांवरून चित्रं जुळवतं, त्यामुळे आई टुणटुण उडते. मग मी तिचे डोळे धरून जुळवलं, तर आई स्थिर आणि डोंगर नाचायला लागले! ते बघून इथे आलेल्या मामींच्या बहिणीला घेरीच आली. काय करू?

तुमची,
नुर्झात

आत-बाशी, ११ ऑगस्ट

चि. नुर्झात,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, मामीची कुरकुरही ठणठणीत आहे.

अगं शहाणे, डोळे कशाला धरतेस? माणूस हलणारच! आमच्या फिल्म स्टुडिओत सगळ्या कॅमेरामनांची रिळं एकमेकांत मिसळायची, म्हणून आम्ही आपापल्या कॅमेऱ्यातल्या चौकटीला कानशीनं खूण करायचो. माझी खाच डावीकडे, खालच्या कोपऱ्याच्या जरा वर. प्रत्येक चित्राच्या कडेला तिचा इवलासा दात दिसेल. तू नीटनेटकेपणाच्या नादात कडा कापून टाकल्या असणार. पुन्हा स्कॅन कर, कडेपलीकडचंही घे आणि तो दात धरून जुळव.

मामाचा आशीर्वाद आहेच.
मुकाश

बिश्केक, २० ऑगस्ट

प्रिय मामा,
सलाम वि. वि. कडा कापल्या होत्या, कबूल! दात सापडला आणि आई घोड्यावर अशी ऐटीत बसलीय की मी तासभर नुसती बघत राहिले. खूप रडले.

एकच अडचण. शेवटी आई वळून बघते, तिथली चाळीसेक चित्रं थरथरतात. दात जागच्या जागी, म्हणजे दोष मशीनचा नाही. मुकाशचा हात म्हणजे दगड, असं तुम्हीच सांगत आलात ना? काळजी नको, तासाभरात थरथर पुसून टाकते. तुमची अब्रू माझ्या हाती आहे. पुसू ना?

तुमची लाडकी (तुम्ही नाही म्हणालात तरी),
नुर्झात

आत-बाशी, २७ ऑगस्ट

चि. नुर्झात,
अनेक आशीर्वाद. पुसू नकोस.

पंचेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, की तुझी आई, आमची बुरुल, सासरी गेली आणि मी निवांत बसून बेशबार्मक खाल्लं. ती माहेरी आली की तिलाही हेच सांगून चिडवायचो. घरातल्या कुणीच मला रडताना पाहिलं नाही, कारण कॅमेरा तोंडासमोर होता. पण ती वळली आणि मला राहवेना. हात माझाच हलला.

आशला सगळ्यांसमोर दाखव, हसतील त्यांना हसू दे. मला किती वाईट वाटलं होतं ते बुरुलला कधी कळलंच नाही. तिच्या जेवणाला आलेल्यांना तरी कळू दे.

माया आहे, ती अशीच राहू दे.
तुझा मामा,
मुकाश