गेम घ्यावा की न घ्यावा याचा सखोल तपास

३ मार्च, सोमवार
आजपासून वही. मोठा निर्णय घ्यायचा आहे आणि मोठे निर्णय लिहून घेतले की चुकत नाहीत. सातवीनंतर पहिल्यांदाच पेन धरलं. अक्षर अजून छान आहे.
निर्णय असा. आमच्या लॉन्ड्रीचं ऑफिस तीन वर्षांनी एकदा दोनातलं एक देतं. एक तर महिनाभर रजा आणि घरी जायचं-यायचं तिकीट. नाहीतर रजा सोडायची आणि तिचे पैसे घ्यायचे. वीस तारखेपर्यंत क्लार्कबाईला सांगायचं. पैसे घेतले तर गेमचं मशीन आणि तो नवा गेम, दोन्ही येतात. ओपन वर्ल्ड आहे. म्हणजे जग उघडं. कुठेही जा, काहीही व्हा, कोणी विचारणार नाही. मी मूळचा फिरता माणूस. एका जागी बसणं माझ्या रक्तात नाही.
तरी घाई करणार नाही. आधी तपास, मग निर्णय. शनिवारी ठरवून टाकतो.

४ मार्च, मंगळवार
तज्ज्ञाचं मत घेतलं. हॉटेलच्या चादरी घडी करताना माझ्या समोरच्या टोकाला जो असतो तो हा गेम चारशे तास खेळलाय. सगळे त्याला चारशेतासच म्हणतात. अडचण एकच. मशीनच्या आवाजात लांबून काही ऐकू येत नाही, आणि घडी घालायला जवळ येतो तेवढंच बोलणं होतं. एका वाक्याला तीन चादरी. पहिल्या चादरीला म्हणाला, अरे, त्या जगात ना. दुसरीला, लांब डोंगर दिसतो बघ. तिसरीला, तिथपर्यंत खरंच जाता येतं. मग सुपरवायझरने मला उशांच्या खोळींवर लावलं. खोळीला माणूस एकटा लागतो. तपास थांबला.

५ मार्च, बुधवार, संध्याकाळी सहा
नवा मार्ग सापडला. खोलीकडे येताना गेमचं दुकान आहे. दाराशीच मशीन लावलंय. गिऱ्हाइकाने नमुना खेळून बघायचा, फुकट. दुकानवाली म्हणाली, खेळा ना भाऊ, आवडला तर घ्या. मी म्हणालो, मला सहजासहजी काही आवडत नाही. ती म्हणाली, चेहऱ्यावरून वाटतंच.
गेम सुरू होतो तो एका घरात. चूल, बाज, खिडकीतून तो डोंगर. आणि एक म्हातारी, म्हणजे गेममधली आई. ती काहीतरी विचारते आणि खाली इंग्रजीत दोन उत्तरं येतात. इंग्रजी मला चांगलं येतं, फक्त वाचायला वेळ लागतो, आणि तोवर मागचे लोक खाकरायला लागतात. म्हणून वरचं दाबतो. कंपनीने वरचं काही उगाच वर ठेवलेलं नसतं.
वरचं दाबलं. आईने वाढलं. जेवलो. झोपलो. सकाळ झाली. तिने परत विचारलं. वरचं. जेवलो. झोपलो. अर्ध्या तासात अकरा दिवस झाले.
पहिलं मत: शांत गेम आहे. जेवणाची सोय उत्तम.

७ मार्च, शुक्रवार
तीन दिवसांत एकूण बत्तीस जेवणं. चारशेतासला सांगितलं. त्याने विचारलं (पाच चादरी), घराबाहेर किती वेळात पडलास? म्हणालो, अजून आतलाच तपास चालू आहे. त्याच्या हातातून चादर सुटली. जमिनीवर पडली, परत धुवायला गेली. चूक त्याची, बोलणी मला.

८ मार्च, शनिवार
आज निर्णय होणार होता. पण आईचा फोन आला. खऱ्या आईचा. रजेचं काय झालं विचारत होती. सांगितलं, एका वस्तूचा अभ्यास चाललाय, तो झाला की ठरवतो. ती म्हणाली, अभ्यास? तू? मग सातवीत असताना हा कुठे ठेवला होतास?
ताई माझ्यासाठी शर्ट शिवायला घेतेय म्हणे. गळ्याचं माप हवंय, त्यांच्याकडचं तीन वर्षांपूर्वीचं आहे. म्हणालो, बघतो. ती म्हणाली, गळा बघायलाही अभ्यास लागतो का रे?
खोलीत टेप नाही. उद्या बघू.

१० मार्च, सोमवार
दुकानात मागे दोन कॉलेजवाले उभे होते. त्यातला एक म्हणाला, काका, आता बाहेर पडा ना. मी चोवीस वर्षांचा आहे. मुद्दाम आणखी दोनदा जेवलो.
शेवटी दुकानवाली उठून आली. म्हणाली, भाऊ, वरचं उत्तर आहे 'हो आई, जेवतो'. खालचं आहे 'नको, निघतो'. खालचं दाबलं की दार उघडतं. मग घोडे, दरोडेखोर, राजवाडे, सगळं. लोक तीन मिनिटांत बाहेर पडतात हो. तुम्ही आठवडाभर जेवताय.
म्हणालो, माहीत होतं. मी पायापासून तपासतोय.
उद्या खालचं.

११ मार्च, मंगळवार
खालचं दाबणारच होतो. पण गेममधल्या आईने आधीच वाढून ठेवलं होतं. वाढलेलं टाकून कसं उठायचं? उद्या.

१२ मार्च, बुधवार
तिने वाढायच्या आत दाबायचं, असं ठरवून गेलो. तर ती खोकली. हे नवीन होतं. दुकानवाली म्हणाली, ती रोजच खोकते, तुमचं लक्ष ताटात असतं. आता बरं नसलेल्या माणसाला सोडून डोंगर बघायला जायचं, हे आपल्याच्याने होणार नाही. मागच्या अंगणात जाऊन लाकडं फोडून ठेवली.
लाकडं फोडता येतात! चारशेतासला हे माहीतच नव्हतं. मग चारशे तास हा माणूस करत काय होता?

१५ मार्च, शनिवार
दुकानवालीने मशीनवर कागद चिकटवलाय. एका गिऱ्हाइकाला दहाच मिनिटं. माझ्यासाठी नसावा. दहा मिनिटांत तीन जेवणं आणि लाकडं आरामात बसतात.
कॉलेजवाले आता खास मला बघायला थांबतात. मी आज बाहेर पडतो की नाही यावर त्यांची पैज असते. आज एक जण हरला, तो मला म्हणाला, काका, एकदा तरी माझ्यासाठी. लोकांत मान वाढतोय.

१७ मार्च, सोमवार
आईचा फोन. म्हणाली, येतोस की नाही एवढं सांग बाबा. तुझ्या खोलीत पोती रचून ठेवलीत, ती हलवायची की राहू द्यायची ते कळू दे. म्हणालो, वीस तारखेला सांगतो. ती म्हणाली, बरं. टोमणा मारला नाही. तब्येत बरी नसावी. विचारायला हवं होतं, पण कामाची वेळ झाली होती. म्हणजे आठ मिनिटं होती, पण आठ मिनिटांत काय बोलणार.
दुकानात गेलो. तिथली खोकत होती. लाकडं फोडली.

१९ मार्च, बुधवार
चारशेतासने शेवटचं मत दिलं. सात चादरी लागल्या, मधे एक टेबलक्लॉथ. म्हणाला, अरे येड्या, तुला गेम नकोय. तुला घरी जायचंय. जा की!
मी हसलो. चारशे तास खेळलं की माणसाचं असं होतं. मी भावनेवर जात नाही, मुद्द्यावर जातो. गेममधली आई रोज प्रेमाने विचारते, आणि कधी येतोस, लग्नाचं काय, अमक्याचा मुलगा बघ कुठे पोचला, यातलं एकही वाक्य तिच्या तोंडी नाही. शिवाय घरी गेलो तर महिन्याने परत निघावं लागणार. पहिल्यांदा निघालो तेव्हा आई फाटकापर्यंत आली होती, तसली भानगड परत कशाला? गेममध्ये मी निघतच नाही. कायमची सोय.
ठरलं. किती सोपं होतं!

२० मार्च, गुरुवार, दुपारी
क्लार्कबाई म्हणाली, पैसे? नक्की? पुन्हा पाळी यायला तीन वर्षं जातील. म्हणालो, मॅडम, मी पंधरा दिवस अभ्यास केलाय. सही केली. सहीसुद्धा अजून छान येते.
आईला मेसेज टाकला. काम फार आहे, पुढच्या खेपेला नक्की. तिने अंगठा पाठवला. तिला अंगठा पाठवता येतो हे माहीत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार
मशीन आणि गेम आणला. दुकानवालीने स्वतः खोक्याला दोरी बांधून दिली. म्हणाली, घ्या, आता पोटभर जेवा. कॉलेजवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. टीव्ही माझ्या खोलीत राहणाऱ्या ड्रायव्हरचा आहे. त्याने उद्या सकाळची परवानगी दिली.

२३ मार्च, रविवार
सकाळी नऊला सुरू केला. जहाज. समुद्र. मी डेकवर उभा, हातात गाठोडं. वाटलं, घराकडे नेत असतील. किनाऱ्यावर उतरलो. चारी दिशांना जग. एक घोडासुद्धा मिळाला. डोंगर अगदी जवळ.
घर नाही.
दुपारपर्यंत शोधलं. ड्रायव्हर मागून म्हणत होता, अरे तो धबधबा बघ, तो किल्ला बघ! मी म्हणालो, थांब जरा, चूल दिसतेय का कुठे ते बघतोय. एका दरोडेखोराच्या गुहेत दिसली. वाढलं नाही.
दुकानात गेलो. दुकानवाली म्हणाली, अहो भाऊ, ते घर नमुन्यातच होतं. बटणं शिकवायला बनवलेलं. खरा गेम तुम्ही घरून निघाल्यानंतर सुरू होतो. विचारलं, मागे जाता येतं का? ती म्हणाली, अख्खं जग फिरा हो, पण ते घर या गेममध्ये केलेलंच नाही. विचारलं, मग नमुनाच परत खेळू का? दाराशी बघितलं तर आता मोटारींच्या शर्यतीचा नमुना लावलाय. ती पहिल्यांदाच टोमणा न मारता म्हणाली, बसा, पाणी घ्या.

२४ मार्च, सोमवार
क्लार्कबाईला सहज विचारलं, सही मागे घेतली तर. ती म्हणाली, यादी शुक्रवारीच गेली. सहजच विचारलं होतं. तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत. आधीची तीन गेलीच की.
आईला ब्रेकमध्ये फोन केला. पोती हलवू नकोस म्हणालो. ती म्हणाली, नाही हलवली. फोन मीच ठेवला, म्हणजे ब्रेक संपला.

३० मार्च, रविवार
गेममध्ये डोंगराकडे अजून गेलेलो नाही. आधी पायाभरणी. किनाऱ्यावर एक खाणावळ आहे, तिथे कामाला लागलो. पाणी भरतो, अंथरुणं झटकतो. चारशेतास म्हणाला, एवढ्या मोठ्या जगात कोणी नोकरी करतं का रे? त्याला व्यवहार कळत नाही.
खाणावळीचा मालक बोलका आहे. त्याच्याशी बोलायला गेलं की खाली आपण बोलायची नऊ वाक्यं येतात. रजा कधी मिळते, एवढंच त्याला विचारायचं होतं. मागे कोणी खाकरत नव्हतं, म्हणून नऊच्या नऊ वाचली. सावकाश, वरपासून खालपर्यंत, बोट लावून.
तसा प्रश्नच नाही त्यात.